धडधडत्या हृदयाचा हिशेब

शेवगावच्या माणसाला छातीत कळ आली, ईसीजीत बदल दिसले आणि पुढे अँजिओग्राफीत तीन नसांत ब्लॉकेज निघाले, की घरच्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो रस्त्याचा. अमरापूर-तिसगाव करत करंजी घाटाने नगर गाठायचे, पैठणवरून छत्रपती संभाजीनगरला जायचे, की नेवाशाकडून शिर्डीची वाट धरायची? जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी पेशंट ‘नगरला हलवला’ असेच इथे म्हणतात, आणि ते नगर साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. तालुक्याला रेल्वे नाही. दुसरा प्रश्न पैशाचा, म्हणजे रेशनकार्डाचा, योजनेचा आणि वरखर्चाचा. तिसरा प्रश्न मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नव्याने आला आहे : बायपास हृदय थांबवून करायची की ते धडधडत असतानाच? ‘बीटिंग हार्ट’ हे शब्द आता डॉक्टरांच्या तोंडून नातेवाइकांच्या तोंडी आले आहेत, आणि जे थांबवले जात नाही ते अधिक सुरक्षित असणार, ही समजूत त्यांच्याबरोबरच आली आहे. ही समजूत तपासून घ्यायला हवी. धडधडत्या हृदयावरची बायपास हे चांगले तंत्र आहे आणि काही रुग्णांसाठी तर तेच योग्य आहे. पण त्याचा गुण ठरतो तो शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या आणि त्याच्या चमूच्या सरावावर. म्हणून शेवगावहून निघालेल्या कुटुंबाला तंत्राचे नाव कळून फारसा उपयोग नाही. त्या चमूने आजवर किती शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांचे काय झाले, हा हिशेब त्यांना कळला पाहिजे. रुग्णालयनिहाय असा हिशेब उघड मांडण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही, आणि माझा सारा रोख त्याच उणिवेवर आहे.

आधी शस्त्रक्रिया समजून घेऊ. हृदयाच्या कप्प्यांतून दिवसभर रक्त वाहते, पण हृदयाचा स्नायू आपले पोषण त्या रक्तातून थेट घेत नाही. त्यासाठी महाधमनीच्या मुळाशी निघणाऱ्या दोन कोरोनरी धमन्या आणि त्यांच्या फांद्या हृदयाच्या पृष्ठभागावर पसरलेल्या असतात. जिथे बायपासचा टाका घालायचा तिथे या फांद्यांची रुंदी साधारण दीड ते दोन मिलिमीटर असते. ब्लॉकेजच्या पुढच्या, चांगल्या भागात दुसरी रक्तवाहिनी जोडून रक्ताला नवी वाट काढून देणे म्हणजे बायपास. ही दुसरी वाहिनी पायातली शीर असते, हाताची धमनी असते किंवा छातीच्या हाडामागून उतरणारी आंतरवक्षीय धमनी असते. केसाहून बारीक धाग्याने, भिंगाचा चष्मा लावून हे टाके घातले जातात. दीड मिलिमीटरच्या नळीला असे टाके घालायचे तर ती स्थिर हवी, आणि टाके घालताना तिथे रक्ताचा पूर येता कामा नये. हृदय-फुप्फुस यंत्राने ही सोय करून दिली. यंत्रात रक्त उजव्या कर्णिकेतून नळीने बाहेर येते, ऑक्सिजनेटरमधून जाते आणि महाधमनीत परत सोडले जाते. महाधमनीला चिमटा लावून, पोटॅशियमयुक्त द्रावण देऊन हृदय थांबवतात. सर्जनला रक्तविरहित, निश्चल हृदय मिळते. याची किंमतही असते. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिनचा मोठा डोस द्यावा लागतो, रक्त पातळ होते, प्लॅस्टिकच्या नळ्यांशी संपर्क आल्याने शरीरभर दाहाची प्रतिक्रिया उठते. आणि महाधमनीच्या भिंतीवर चुना साचलेला असेल, तर चिमटा लावता-काढताना त्याचा कण सुटून मेंदूकडे जाण्याचा धोका असतो.

धडधडत्या हृदयावरच्या पद्धतीत यंत्र बाजूला ठेवतात आणि हृदयाचा फक्त तेवढाच इंचभर तुकडा स्थिर करतात जिथे टाके घालायचे आहेत. त्यासाठी निर्वाताने पकडणाऱ्या बारीक वाट्या असलेले स्टॅबिलायझर वापरतात. ऑक्टोपस या नावाने प्रसिद्ध असलेले त्यातले एक उपकरण नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या कॉर्नेलियस बोर्स्ट यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या मध्यास तयार केले. कापलेल्या धमनीत छोटी शंट नळी घालून पुढच्या स्नायूचा रक्तपुरवठा चालू ठेवता येतो आणि फवाऱ्याने टाक्याची जागा स्वच्छ ठेवतात. समोरच्या धमनीपर्यंत पोचणे त्यामानाने सोपे. खरी कसोटी मागच्या आणि खालच्या बाजूला. तिथे पोचायला हृदय उचलून वळवावे लागते, आणि चालते हृदय उचलले की त्याच्या कप्प्यांत रक्त नीट भरत नाही, रक्तदाब घसरतो. अशा वेळी टेबल तिरके करायचे, औषधे कमी-अधिक करायची, दोन मिनिटे थांबा म्हणायचे, हा सारा कारभार भूलतज्ज्ञाच्या हाती असतो. सर्जनचा हात कितीही सफाईदार असो, पडद्याच्या डोक्याकडच्या बाजूला बसलेला तो माणूस या शस्त्रक्रियेशी सरावलेला नसेल तर ती धड पार पडत नाही. रक्तदाब सावरलाच नाही तर ऐनवेळी घाईने यंत्र जोडावे लागते, आणि असे आणीबाणीतले स्थित्यंतर हाच या पद्धतीतला सर्वांत धोक्याचा प्रसंग मानला जातो. म्हणून यंत्र चालवणारा पर्फ्युजनिस्टही तयारीत उभा लागतो.

हे तंत्र यंत्रावरच्या बायपासपेक्षा नवे आहे, असा समज आहे. इतिहास उलट सांगतो. फिलाडेल्फियाच्या जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी हृदय-फुप्फुस यंत्र वापरून एका तरुणीच्या हृदयातील छिद्र बंद केले, पण कोरोनरी बायपासच्या बाबतीत धडधडते हृदय आधी आले. लेनिनग्राडच्या वासिली कोलेसोव यांनी फेब्रुवारी १९६४ मध्ये यंत्राशिवाय आंतरवक्षीय धमनी कोरोनरीला जोडली. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये पायाच्या शिरेचा बायपास केला आणि मग यंत्राच्या आधाराने ही शस्त्रक्रिया जगभर गेली. फावालोरोंविषयी एक गोष्ट आपल्याकडे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. क्लीव्हलँडला जाण्यापूर्वी हा माणूस अर्जेंटिनातील हासिन्तो आराऊस या छोट्या गावात बारा वर्षे खेड्याचा डॉक्टर होता, आणि तिथे त्याने गावातल्या रक्तदात्यांची यादी करून जिवंत रक्तपेढी उभी केली होती. शल्यक्रियेच्या इतिहासातल्या एका मोठ्या नावामागे शेवगावसारख्याच एका दूरच्या गावाची उमेदवारी आहे. पुढे यंत्र बाजूला ठेवण्याचा विचार पुन्हा रुजला तोही लॅटिन अमेरिकेतच. ब्यूनस आयर्सचे फेदेरिको बेनेत्ती आणि साओ पावलोचे एनिओ बुफोलो यांनी १९८० च्या दशकात धडधडत्या हृदयावर पद्धतशीर काम केले. बेनेत्तींनी १९९१ मध्ये ७०० रुग्णांचा, तर बुफोलोंनी १९९६ मध्ये १,२७४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. ऑक्सिजनेटर आणि नळ्यांचा संच एकदा वापरून टाकून द्यावा लागतो, तो महाग पडतो, रक्ताचीही चणचण असते. अशा देशांत यंत्र टाळण्याला उघड कारण होते. आज जे तंत्र प्रगत म्हणून पुढे केले जाते, त्याला बळ मिळाले ते टंचाईतून. आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

भारतात हे तंत्र इतके का पसरले, याचेही उत्तर बऱ्याच अंशी त्या टंचाईतच आहे. देशातली पहिली कोरोनरी बायपास १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात केली. मुंबईत तर त्याआधीच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले होते. तो रुग्ण काही तासच जगला, पण हृदयशस्त्रक्रियेची जिगर या शहरात किती लवकर आली होती ते त्यातून कळते. १९९० नंतर खासगी रुग्णालये वाढली, मधुमेही आणि तरुण रुग्णांची रीघ लागली, आणि एकेक सर्जन दिवसाला दोन-दोन बायपास करू लागला. इतका सराव पाश्चात्त्य देशांतल्या सर्जनला सहसा मिळत नाही. अमेरिकेत यंत्राविना होणाऱ्या बायपासचे प्रमाण २००२ च्या सुमारास २३ टक्क्यांपर्यंत चढले आणि २०१२ पर्यंत १७ टक्क्यांवर उतरले. भारतात आणि जपानमध्ये मात्र निम्म्याहून अधिक बायपास अशा होत राहिल्या. जानेवारी २००९ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर दिल्लीच्या एम्समध्ये दुसऱ्यांदा बायपास झाली. मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा आणि त्यांचा चमू त्यासाठी दिल्लीला गेला, आणि शस्त्रक्रिया धडधडत्या हृदयावर झाली. त्या बातमीने हे शब्द घराघरांत नेले. देशाच्या पंतप्रधानासाठी जे निवडले ते सर्वोत्तमच असणार, हा तर्क त्यानंतर कुणालाही सुचावा असाच होता.

पण पुरावा काय सांगतो? गेल्या पंधरा-वीस वर्षांत या एका प्रश्नावर जितके मोठे यादृच्छिक अभ्यास झाले, तितके हृदयशस्त्रक्रियेतल्या फार थोड्या प्रश्नांवर झाले असतील. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २,२०३ रुग्णांवर झालेला रूबी अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा करावा लागलेला उपचार यांचे एकत्रित प्रमाण यंत्राविना ९.९ टक्के, यंत्रावर ७.४ टक्के निघाले. जोडलेल्या वाहिन्यांपैकी उघड्या राहिलेल्या यंत्राविना ८२.६ टक्के होत्या, यंत्रावर ८७.८ टक्के. पाच वर्षांनंतर यंत्राविना गटातले १५.२ टक्के आणि यंत्रावरच्या गटातले ११.९ टक्के रुग्ण दगावले होते. पारडे सरळ यंत्राकडे झुकले. मग कॅनडाहून चालवलेला कोरोनरी अभ्यास आला. १९ देशांतली ७९ केंद्रे, ४,७५२ रुग्ण, आणि त्यांत भारतातलीही केंद्रे होती. त्यात ३० दिवसांनी, वर्षाने आणि पाच वर्षांनीही दोन पद्धतींत मोठा फरक निघाला नाही. पाच वर्षांचे एकत्रित आकडे २३.१ आणि २३.६ टक्के होते. यंत्राविना गटात रक्त चढवावे लागलेले रुग्ण ५०.७ टक्के, यंत्रावरच्या गटात ६३.३ टक्के. मूत्रपिंडाला होणारी तात्कालिक इजा आणि श्वसनाचे त्रास यंत्राविना कमी झाले, पण वर्षभराने मूत्रपिंडाच्या कार्यात फरक उरला नव्हता, आणि सुरुवातीच्या महिन्यात पुन्हा उपचार करावा लागण्याचे प्रमाण यंत्राविना थोडे जास्त होते. जर्मनीत ७५ वर्षांवरील अडीच हजारांहून अधिक वृद्धांवर झालेल्या अभ्यासातही बरोबरीच निघाली. यंत्रामुळे स्मरणशक्ती मंदावते, ही भीती २००१ मध्ये एका अभ्यासाने बळावली होती. पण नेदरलँड्समध्ये दोन्ही पद्धतींच्या रुग्णांची पाच वर्षांनी तुलना झाली तेव्हा त्यातही फरक आढळला नाही. सरासरीने पाहिले तर हृदय थांबवल्याने रुग्ण हरत नाही आणि न थांबवल्याने जिंकत नाही.

यावर आपल्याकडचे सर्जन एक आक्षेप घेतात, आणि तो वजनदार आहे. रूबी अभ्यासात भाग घेण्यासाठी सर्जनने यंत्राविना अवघ्या वीस बायपास केलेल्या असणे पुरेसे होते. त्या अभ्यासात शंभरातल्या बारा रुग्णांना मध्येच यंत्रावर घ्यावे लागले. ज्यांना पद्धतच पुरती अवगत नाही त्यांच्याकडून ती करवून घ्यायची आणि मग पद्धत कमी पडली म्हणायचे, हा न्याय नव्हे, असे ते म्हणतात. मला हा आक्षेप मान्य आहे. कोरोनरी अभ्यासात त्या पद्धतीच्या शंभराहून अधिक शस्त्रक्रिया केलेलेच सर्जन घेतले होते, आणि तिथे यंत्राविना पद्धत मागे पडली नाही, यावरून तो खराही ठरतो. पण हा आक्षेप मान्य केला की पुढची पायरीही चढावी लागते. निकाल सर्जनच्या सरावानुसार इतका बदलत असेल, तर ‘आमच्याकडे बीटिंग हार्ट होते’ या वाक्याला स्वतंत्र अर्थ उरत नाही. वर्षाला पाचशे अशा शस्त्रक्रिया करणारा चमू आणि महिन्यातून दोन करणारा चमू यांच्या फलकांवर अक्षरे तीच असतील, पण रुग्णाच्या वाट्याला येणारी गोष्ट वेगळी असेल. यंत्रावरची बायपासही सरावानेच सुधारते, हे खरे. पण थांबलेले हृदय नवख्या हाताला सांभाळून घेते, तितके धडधडते घेत नाही. अभ्यासांचा जो निष्कर्ष सर्जन आपल्या बचावासाठी पुढे करतात, तोच रुग्णाच्या हातात पडला तर हिशेब मागण्याचा अधिकार बनतो.

आपल्या रुग्णांच्या बाबतीत हा मुद्दा आणखी तीव्र होतो. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्या जगात तो जवळपास ५९ व्या वर्षी येतो, असे इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासातून दिसले. मधुमेह जोडीला असतो. मधुमेही माणसाच्या धमन्या बारीक असतात आणि ब्लॉकेज एखाद्या जागी न राहता लांबवर पसरलेले असतात. अशा मधुमेही रुग्णाच्या अनेक नसा बंद असतील, तर स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरते हे २०१२ च्या फ्रीडम अभ्यासाने दाखवले. म्हणजे बायपासची खरी गरज ज्याला आहे, त्याच्याच नसा चालत्या हृदयावर शिवायला सर्वांत अवघड. सराव कमी असला की मग नकळत मागच्या भिंतीवरची जोडणी राहून जाते. चार करायच्या तिथे तीन होतात. मुळेच्या उजव्या कालव्याचे आवर्तन सुटले तरी पाणी टेलपर्यंत पोचले नाही तर शेवगाव-पाथर्डीच्या शेतकऱ्याच्या पदरी काय पडते, ते या भागात सांगावे लागत नाही. अपुऱ्या बायपासने हृदयाच्या त्या कोपऱ्याचे तसेच होते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. महाधमनीत चुना साचलेला वृद्ध, पूर्वी पक्षाघात होऊन गेलेला, मूत्रपिंडे आधीच दुबळी असलेला रुग्ण यांना सरावलेल्या हाताखाली यंत्र टाळल्याने खरा लाभ होऊ शकतो. दोन्ही आंतरवक्षीय धमन्या वापरून महाधमनीला स्पर्शही न करता बायपास करता येते. २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांतही अशा रुग्णांसाठी यंत्राविना पद्धतीची शिफारस आहे, पण तिथेही अट अनुभवी सर्जनची आहे.

आता पंतप्रधानांच्या उदाहरणाकडे. डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये इंग्लंडमध्ये झाली होती, आणि २००९ मध्ये ते ७६ वर्षांचे होते. दुसऱ्यांदा छाती उघडायची म्हणजे जुन्या चिकटलेल्या ऊती आणि जुन्या जोडण्या सांभाळत पुढे जायचे. डॉ. पांडा हे क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये प्रशिक्षण घेतलेले सर्जन, त्यांच्या संस्थेत बहुतेक बायपास धडधडत्या हृदयावरच होतात, आणि भूलतज्ज्ञांसह त्यांचा स्वतःचा चमू बरोबर गेला. म्हणजे दिल्लीत गेले ते तंत्र एकटे गेले नाही. ज्यांच्या अंगवळणी ते पडले होते, ती माणसे गेली. एम्ससारख्या देशातल्या अग्रगण्य रुग्णालयात बाहेरचा अख्खा चमू बोलावण्यातून निर्णय घेणाऱ्यांना काय महत्त्वाचे वाटले ते स्पष्ट होते. या उदाहरणातून शेवगावच्या कुटुंबाने शिकावे ते हेच, आणि ते ‘हृदय न थांबवणे चांगले’ यापेक्षा फार निराळे आहे.

माझ्या म्हणण्याचा गाभा इथे येतो. पंतप्रधानाला सर्जनची माहिती काढून देणारे लोक भोवती असतात. बोधेगावच्या ऊसतोड मजुराला किंवा शहरटाकळीच्या कापूस उत्पादकाला ती कोण देणार? ओळखीचा डॉक्टर, नातेवाइकाचा अनुभव, रुग्णवाहिकेच्या चालकाचा सल्ला, एवढीच त्याची साधने. आणि तरीही महाराष्ट्रात अशी एक जागा आहे जिथे हवी ती माहिती जमा होण्याची सोय आहे. १९९७ पासून राज्यात जीवनदायी योजना होती. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये ती नगरसह साऱ्या राज्यात आली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि संरक्षणाची मर्यादा आता ५ लाख रुपयांपर्यंत गेली आहे. बायपास या योजनेत आहे. नगरचे आनंदऋषीजी हॉस्पिटल असो किंवा शिर्डीच्या साईबाबा संस्थानाचे रुग्णालय, सामान्य कुटुंबाला हृदयशस्त्रक्रिया आवाक्यात आणण्यात धर्मादाय संस्था आणि सरकारी योजना यांचाच वाटा मोठा आहे. योजनेत प्रत्येक बायपासला आधी मंजुरी लागते, अँजिओग्राफीचा अहवाल पाठवावा लागतो, डिस्चार्ज कार्ड सादर केल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. म्हणजे कुठल्या रुग्णालयात किती बायपास झाल्या, किती रुग्ण घरी गेले आणि किती दगावले, याच्या नोंदी सार्वजनिक पैशाने आधीच तयार होत आहेत. त्यात यंत्रावर की यंत्राविना, आणि मध्येच बदल करावा लागला का, हे दोन रकाने वाढवायचे आणि दरवर्षी रुग्णालयनिहाय तक्ता मराठीत प्रसिद्ध करायचा, एवढेच काम उरते.

असे जगात घडलेले आहे. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाने १९८९ पासून बायपासच्या प्रत्येक रुग्णाची नोंद गोळा केली, रुग्णाच्या मूळ जोखमीचा हिशेब धरून रुग्णालयांचे मृत्युदर जाहीर केले, आणि एका वृत्तपत्राने न्यायालयात दाद मागितल्यावर सर्जननिहाय आकडेही लोकांपुढे आले. १९८९ ते १९९२ या काळात जोखीम-समायोजित मृत्युदर ४.१७ टक्क्यांवरून २.४५ टक्क्यांवर आला. त्याच काळात इतर राज्यांतही मृत्यू कमी होत होते, त्यामुळे सगळे श्रेय जाहीर आकड्यांना देता येणार नाही, पण कमी सरावाचे आणि वाईट निकालांचे सर्जन या उजेडात टिकले नाहीत, हेही तितकेच खरे. ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत झालेल्या मृत्यूंची चौकशी झाली, तिचा अहवाल २००१ मध्ये आला, आणि त्यानंतर तिथल्या हृदयशल्यविशारदांनी आपले निकाल उघड करण्याची वाट धरली. सर्वांत मोठा आक्षेप असा, की आकडे जाहीर झाले की सर्जन अवघड रुग्ण नाकारतील. ही भीती खोटी नाही. न्यूयॉर्कमधून जास्त जोखमीचे रुग्ण क्लीव्हलँडला धाडले जात असल्याचे एका अभ्यासाने म्हटले होते. नंतरच्या एका मोठ्या अभ्यासाला वृद्ध रुग्णांच्या बाबतीत तसे आढळले नाही. भीतीवर उपाय आहे, आणि तो न्यूयॉर्कनेच वापरला : वय, मधुमेह, मूत्रपिंड, हृदयाची पंपिंग क्षमता, आणीबाणी की ठरवून, हे सारे धरून जोखीम काढायची आणि तिच्याशी तुलना करायची. मग अवघड रुग्ण वाचवणाऱ्याचा आकडा उलट उजळतो. दुसरा आक्षेप लहान केंद्रांचा : वर्षाला चाळीस शस्त्रक्रिया करणाऱ्या ठिकाणी एका मृत्यूने टक्केवारी डोलते. त्यासाठी तीन वर्षांचे आकडे एकत्र द्यावेत आणि शस्त्रक्रियांची संख्या ठळक द्यावी. संख्या हीच इथे मोठी माहिती आहे. तिसरा आक्षेप, खेड्यातला माणूस असा तक्ता वाचणार नाही. तो कदाचित वाचणारही नाही. पण शेवगावच्या ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर वाचेल, खासगी फिजिशियन वाचेल, योजनेचा आरोग्यमित्र वाचेल, आणि पेशंट कुठे पाठवायचा हे प्रत्यक्षात तेच ठरवतात.

या तक्त्यात आणखी एक नोंद हवी, आणि ती टेबलावरच्या मृत्यूंइतकीच मोलाची आहे. बायपासने ब्लॉकेज बरे होत नाहीत, फक्त त्यांना वळसा पडतो. पायातल्या शिरेच्या जोडण्यांपैकी जवळपास निम्म्या दहा वर्षांत बंद पडतात किंवा खराब होतात. समोरच्या धमनीला जोडलेली आंतरवक्षीय धमनी मात्र बहुतेकांत टिकते. हृदय थांबवले होते की नाही यापेक्षा ती वापरली का, हा प्रश्न नातेवाइकांनी विचारण्याजोगा आहे. बायपासची गरज आहेच का, हाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते. स्थिर आजार असलेल्यांत सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत, अर्थात मुख्य डाव्या धमनीत ब्लॉकेज असलेले आणि पंपिंग फार उतरलेले रुग्ण त्यात घेतले नव्हते. आणि शस्त्रक्रिया झाल्यावर ॲस्पिरिन, स्टॅटिन, रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेवर लगाम, तंबाखू-मिश्री कायमची बंद, हे सारे जन्मभर चालू राहिले तरच जोडणी टिकते. २०११ मधल्या प्युअर अभ्यासाने दाखवले की कमी उत्पन्नाच्या देशांत, ज्यांत भारतही धरलेला होता, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक यांपैकी एकही औषध घेत नव्हते. लाखोंची शस्त्रक्रिया योजनेतून फुकट होते आणि पुढच्या गोळ्या संपल्या की आणल्या जात नाहीत. म्हणून योजनेच्या तक्त्यात वर्षभरानंतरची नोंद असावी : रुग्ण जिवंत आहे का, पुन्हा छातीत दुखले का, पुन्हा दाखल व्हावे लागले का, गोळ्या चालू आहेत का. ही माहिती गावात आशा कार्यकर्ती एका भेटीत गोळा करू शकते, आणि त्याच भेटीत ग्रामीण रुग्णालयातून महिन्याच्या गोळ्या पोचवण्याची व्यवस्था लावता येईल. ग्रामीण रुग्णालयाच्या औषधसाठ्यात स्टॅटिन आणि ॲस्पिरिन खंड न पडता असावीत यासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागेल, आणि ती एका बायपासच्या खर्चाच्या मानाने अगदी थोडी असेल.